लिफ्ट किटचं नंतर बघू, आधी थरथर आणि तापणं थांबवा

मंगळवेढ्याहून १९९२ ची महिंद्राची एमएम ५४० जीप घेतलीत, मनापासून अभिनंदन. तुमचा प्रश्न असा की आधी तीन इंचाचं लिफ्ट (गाडी उंच करणारं किट) नि ३१ इंची टायर टाकू, की डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन बसवू. आणि शेवटी एका ओळीत लिहिलंय की पन्नासच्या वर स्टिअरिंग थरथरतं नि तुळजापूरच्या घाटात तापमानाचा काटा लालमध्ये जातो. भाऊ, त्या शेवटच्या ओळीतच पहिल्या सहा महिन्यांचं काम आहे. तुम्ही जे बदल करायला निघालात, त्यांनी हे दोन्ही आजार वाढतील.

या गाडीचं प्युजो इंजिन २११२ सीसीचं, ताकद ६२ अश्वशक्ती. मूळचे ६.००-१६ टायर साधारण साडेअठ्ठावीस इंच उंच भरतात. ३१ इंची टाकलेत की प्रत्येक गिअर आठ-नऊ टक्क्यांनी जड होणार. म्हणजे आज तिसऱ्यावर चढते तिथे उद्या दुसरा टाकावा लागेल, आणि मे महिन्यात इंजिन आजच्यापेक्षा लवकर तापेल. लिफ्टसाठी शॅकल (पाट्यांना चेसीशी जोडणारे दुवे) लांब केले की पुढच्या ॲक्सलचा कल बदलतो, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) तिरकी होते. थरथर असलेल्या गाडीला हे करणं म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर पोतं ठेवणं.

थरथर शोधायला गॅरेज लागत नाही, एक माणूस सोबतीला घ्या. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. त्याला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही वाकून बघा: टाय रॉडचे (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंट हलतात का, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट चेसीवर सरकतात का, पाट्यांचे बुश खाल्लेत का. मग पुढचं चाक उचला. टायर वरून-खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिनची, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिची बेअरिंग. या गाड्यांत बहुतेक वेळा किंगपिनच निघतात, कारण तिथलं ग्रीस कुणी वर्षानुवर्षं बदललेलं नसतं. नवीन बेअरिंग टाकताना शिम (पातळ चकत्या) वर-खाली सारखे ठेवा आणि थोडा ताण राहील इतकंच घट्ट करा. स्टिअरिंग डँपर (झटके शोषणारा शॉकर) लावून थरथर दाबू नका. खेळ आतल्या आत वाढत राहतो आणि तुम्हाला कळत नाही.

आता तापणं. बोनेट उघडून पहिल्यांदा पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं जागेवर आहे का बघा. काम करताना अडतं म्हणून काढतात आणि परत बसवतच नाहीत. ते नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तिथल्या तिथे फिरवतो. नंतर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला ज्वारीचा भुसा आणि काळी माती इंजिनच्या बाजूने हलक्या पाण्याने पुढे ढकलून काढा. आतून क्षार धरले असतील तर जुन्या पितळी रेडिएटरची टाकी खोलून नळ्यांत सळी मारून घेता येते. नवीन घ्यायची घाई नको. आणि बोअरचं पाणी त्यात कधीही घालू नका. आपल्याकडे बोअरचं पाणी तापवलेलं पातेलं आतून पांढरं होतं, तेच त्या नळ्यांत होतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरं काही नाही.

एक मनाला लागलेली गोष्ट सांगतो. माझी गाडी तापायची तेव्हा हायवेवरच्या एका गॅरेजात थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी तापल्यावर उघडणारी झडप) काढून टाकला, 'आपल्या उन्हात लागत नाही' म्हणाले. मी ऐकलं. पुढचा सगळा हिवाळा इंजिन नीट गरम झालं नाही, धूर वाढला, डिझेल वाढलं, आणि एप्रिलमध्ये घाटात गाडी पुन्हा उकळली, कारण मूळ दोष तुंबलेल्या रेडिएटरचा होता. थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून तपासता येतो. उघडला तर परत बसवा, नाही उघडला तर नवीन टाका.

काळ्या मातीत चालवणार असाल तर ॲक्सलचे ब्रीदर (हवा आत-बाहेर करणारी छिद्रं) आत्ताच साफ करा. चालून गरम झालेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, ब्रीदर तुंबलेला असला तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. प्रत्येक चिखलानंतर गाडी धुवून सगळ्या निप्पलना ग्रीस गन लावा, नुसतं धुणं पुरत नाही. चारही चाकांना ड्रम आहेत, ओढा ओलांडल्यावर थोडं अंतर पाय हलका ब्रेकवर ठेवून ते वाळवा. आणि कोरड्या डांबरावर फोर व्हील लावू नका. मधे डिफरन्शियल नसल्यामुळे वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर जुळत नाही, ताण सगळा शाफ्ट आणि त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर येतो. सराव मित्राच्या पडीक रानात करा. सोलापूरजवळच्या नान्नजकडच्या माळावर गाडी अजिबात घालू नका, तिथल्या गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत.

डीआय इंजिनबद्दल थोडक्यात: इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आणि आरसी बुकावर नोंद लागते. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात बसत नाही, आणि तुमच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करताना तपासणीला उभं राहायचंच आहे.

गाडीखाली शिरण्याआधी तिला टेकवायच्या लोखंडी घोड्या विकत घ्या, दोन नाही, चार. अंगणात काळी माती असेल तर खाली जाड फळी टाका. उन्हात कडक वाटणारी माती जॅकखाली एका बाजूने बसते. विटांवर गाडी उभी करून कुणीही तिच्याखाली जाऊ नये.

या रविवारी फक्त एक करा. पुढच्या-मागच्या दोन्ही क्राऊनचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) तेल पांढऱ्या ताटलीत काढा. काळं निघालं तर नुसतं बदला. दुधाळ निघालं, म्हणजे पाणी शिरलंय, तर मला कळवा, कोणत्या बाजूचं ते सांगा, मग कोणती सील बघायची ते सविस्तर लिहितो.