पंखाच्या आत बंद होणारे काम

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे कंट्रोल लाइन विमानाविषयी, म्हणजे मधोमध उभे राहून दोन तारांनी धरून गोल उडवायच्या छोट्या विमानाविषयी असल्याने ती एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी पिंपरीतील एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो. महाविद्यालयात एनसीसीच्या हवाई शाखेत असताना दोन तारांवर गोल फिरणारे कंट्रोल लाइन विमान उडवले होते; बांधले मात्र कधीच नव्हते. आता नातवाला बरोबर घेऊन ते बांधायचे ठरवले आहे. ४२ इंच पंखविस्ताराच्या आणि अडीच सीसी इंजिनाच्या विमानाचा जुना आराखडा मिळाला, तो मोठ्या कागदावर छापूनही आणला. त्यात पंखाचा एकच अर्धा भाग दाखवला आहे. सुरुवात कोठून करावी आणि चूक होण्याचा संभव सर्वांत जास्त कोठे असतो?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगणे धाडसाचे आहे, तरीही लाकडाला हात लावण्यापूर्वी त्या छापील कागदावर पोलादी पट्टी ठेवा. ४२ इंच म्हणजे १०६७ मिलिमीटर. छपाईच्या दुकानात कागदात बसवण्यासाठी चित्र तीन टक्क्यांनी जरी लहान केले गेले असेल, तरी पंख १०३५ मिलिमीटरचा भरेल. विमान उडायला तेवढ्याने अडणार नाही. पण इंजिनाच्या आधारपट्ट्यांमधील अंतर आणि रिबमधल्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्यांमधल्या) खाचा त्याच प्रमाणात आक्रसतात, बाजारात मिळणारी लाकडी पट्टी मात्र आक्रसत नाही. आडवे आणि उभे अशी दोन्ही मापे घ्यावीत, कारण कधीकधी कागद एकाच दिशेने ताणला गेलेला असतो.

अर्ध्या पंखाचा दुसरा अर्धा भाग मिळवण्याची जुनी युक्ती म्हणजे कागदाच्या पाठीवर तेलाचा बोळा फिरवून तो पारदर्शक करणे आणि उलटा अंथरून त्यावर दुसरी बाजू बांधणे. (वर पातळ प्लास्टिक पसरावेच, नाहीतर तेल लाकडाला लागते आणि पुढे तेथे डिंक धरत नाही.) मात्र तसे करण्यापूर्वी आराखड्यावरील बारीक अक्षरातल्या टिपा वाचा. या विमानांच्या अनेक आराखड्यांत आतला, म्हणजे उडवणाऱ्याकडचा पंख बाहेरच्या पंखापेक्षा थोडा लांब ठेवलेला असतो. वर्तुळात फिरताना आतल्या पंखाचा वेग कमी असल्यामुळे त्याला उचल कमी मिळते, शिवाय तारांचे वजनही त्याच बाजूला लोंबत असते. तुमच्या आराखड्यात तशी टीप असेल आणि तुम्ही हुबेहूब प्रतिबिंब काढले, तर हा फरक नाहीसा होईल. बाहेरच्या टोकात शिशाचा तुकडा बसवायला सांगितलेला असतो, तोही याच कारणासाठी.

आता चुकांविषयी. धड वाकडे झाले तर ते दिसते, कागद सुरकुतला तर पुन्हा ताणता येतो, रंगाचे तर बोलायलाच नको. या विमानातली खरी मेख पंखाच्या आत असते आणि पंख कागदाने मढवला की ती कायमची झाकली जाते. जुन्या आराखड्यांवर पुष्कळदा ‘यू-कंट्रोल’ असे लिहिलेले दिसते. अमेरिकेतील जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत त्या नावाने लोकप्रिय केली. तिचा गाभा म्हणजे बेलक्रँक ही एका खिळीवर फिरणारी त्रिकोणी पट्टी. तिच्या दोन टोकांना बांधलेल्या तारा पंखाच्या टोकातून बाहेर पडून तुमच्या हातातल्या हॅन्डलपर्यंत येतात आणि तिसऱ्या टोकाचा पुशरॉड, म्हणजे ढकलणारी-ओढणारी काडी, शेपटीतला एलिव्हेटर (विमानाला वर-खाली नेणारा हलता पट्टा) वर-खाली करतो. उड्डाण चालू असताना विमानाचा सगळा ओढा त्या एका खिळीवर असतो.

तो ओढा किती असतो याचा हिशोब मांडून पाहा. ६०० ग्रॅमचे विमान १६ मीटर लांबीच्या तारांवर पाच सेकंदांत एक फेरी मारते असे धरले, तर त्याचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर होतो आणि तारांवर सुमारे दीड किलो वजनाइतका ताण येतो. त्यात वाऱ्याचा धक्का आणि कोलांटीचा झटका मिळवावा लागतो. म्हणून उड्डाणापूर्वी विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन तारा, हॅन्डल आणि बेलक्रँक तपासण्याची प्रथा आहे. तुमच्या विमानासाठी ती सहा किलो होईल. स्प्रिंगचा वजनकाटा हॅन्डलला अडकवून हे घरच्या गच्चीतही करता येते. बेलक्रँकची खिळी बाल्साच्या (विमानासाठी वापरायच्या अतिशय हलक्या लाकडाच्या) पट्टीवर भरवसा ठेवून बसवू नका. तीन मिलिमीटर प्लायवूडची पट्टी पुढच्या-मागच्या स्पारांना (पंखभर जाणाऱ्या लांब पट्ट्यांना) इपॉक्सीने पक्की करून त्यात खिळी घ्यावी, आणि नटाला कुलूपनट किंवा इपॉक्सीचा थेंब अवश्य द्यावा. माझ्या पहिल्या विमानात मी हा थेंब द्यायला विसरलो होतो. इंजिनाच्या थरथरीने नट सैल झाला, आणि दोन आठवडे खपून मढवलेला पंख मला ब्लेडने उघडावा लागला. तेव्हापासून रिबांवर कागद चढवण्याआधी बेलक्रँक शंभरदा हलवून पाहण्याची सवय लागली आहे. तारा रिबांच्या भोकांना घासता कामा नयेत, आणि पुशरॉडची मधली लांबी वाकत असेल तर तिला वाटेत एक आधार द्यावा.

एलिव्हेटर वर-खाली वीस अंशांपेक्षा जास्त हलू देऊ नका. तुम्ही पुष्कळ वर्षांनी हॅन्डल धरणार आहात आणि नातू तर प्रथमच. पुशरॉड एलिव्हेटरच्या हॉर्नमधील (त्याला जोडलेल्या उभ्या कानामधील) सर्वांत बाहेरच्या भोकात घातला की तीच मनगटाची हालचाल सौम्य होते. गुरुत्वमध्य आराखड्यावर दाखवलेल्या खुणेवर किंवा तिच्या किंचित पुढे यावा. खूण नसेल तर पंखाच्या रुंदीचा पुढचा पाव भाग ही मागची मर्यादा समजावी. तारा पंखाच्या टोकातून जेथे बाहेर पडतात, तेथे दोन तारांच्या मधोमधचा बिंदू गुरुत्वमध्याच्या एक-दीड सेंटिमीटर मागे असावा, म्हणजे विमानाचे नाक किंचित वर्तुळाबाहेर राहून तारा ताठ राहतात. तारा बाहेर पडण्याची ही जागा सरकवता येईल अशी बनवली तर नंतर पंख फाडावा लागत नाही.

इंधनाच्या टाकीचेही तसेच. वर सांगितलेल्या वेगाला इंधन गुरुत्वाकर्षणाच्या अडीचपट जोराने बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाते. त्यामुळे इंधन शोषणारी नळी टाकीच्या तळाशी ठेवून भागत नाही. तिचे तोंड बाहेरच्या भिंतीला लागून मागच्या कोपऱ्यात हवे. टाकीची उंची इंजिनाच्या सुईच्या (इंधन कमी-जास्त करणाऱ्या) पातळीत ठेवली, तर विमान उलटे उडताना इंजिनाचा आवाज बदलत नाही.

प्रश्न : आराखड्यात बाल्साच सांगितले आहे. ते ऑनलाइन मागवले तर पट्ट्या कधी कापसासारख्या तर कधी सागवानासारख्या येतात. त्याऐवजी खेळण्यांसाठी वापरतात ते पांगाऱ्याचे लाकूड चालेल का?
— एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : पांगारा हलका आहे, आणि पंखाची टोके किंवा नाकाजवळचे कोरीव ठोकळे यांसाठी तो वापरून पाहायला हरकत नाही. मात्र स्पार आणि रिब यांसाठी बाल्साच घ्या, कारण इतक्या कमी वजनात तेवढा ताठपणा दुसऱ्या लाकडात सहज सापडत नाही. तुमची तक्रार मात्र अगदी रास्त आहे. बाल्सा हे एकच लाकूड नव्हे असे समजूनच ते विकत घ्यावे. ३६ इंच लांब, ४ इंच रुंद आणि सोळांश इंच जाडीची पट्टी हलकी असेल तर १८ ग्रॅमच्या आसपास भरते. तीच जड झाडाची असेल तर ३० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येक पट्टी तोलून तिच्यावर पेन्सिलीने वजन लिहून ठेवा. जड आणि ताठ पट्ट्या स्पारांना, हलक्या पण सहज न वाकणाऱ्या पट्ट्या रिबांना, आणि सर्वांत हलके लाकूड शेपटीला. शेपटीतला एक जादा ग्रॅम तोलायला नाकात दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात, त्यामुळे तेथे कंजूषपणा करावाच. ‘सागवानासारख्या’ पट्ट्या फेकू नका. इंजिनाच्या मागे धडाला दुहेरी अस्तर लावायला त्या उत्तम. थर्माकोलच्या भानगडीत मात्र पडू नये. बऱ्याचशा रंगांनी आणि डोपने (मढवलेल्या कागदावर लावायच्या रोगणाने) तो विरघळतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत इंजिनाच्या आवाजावर नक्कीच तक्रार येईल. आराखडा इंजिनाचा असला तरी विजेची मोटर बसवता येईल का? आणि पुण्यात हे उडवायचे कोठे?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : मोटर जरूर बसवा. इंजिनाच्या इंधनातले मेथॅनॉल विषारी आहे आणि त्यातले एरंडेल तेल लाकडात मुरते. या दोन्ही डोकेदुखी त्यामुळे टळतील. दोन तारांवरून मोटरचा वेग बदलता येत नाही, म्हणून स्पीड कंट्रोलरला ठरावीक वेळेनंतर मोटर बंद करणारा टायमर जोडावा लागतो. मोटर, कंट्रोलर आणि टायमर ऑनलाइन मागवावे लागतील. जोडण्या आणि तारा बुधवार पेठेत मिळतात. टाकीच्या जागी बॅटरी येईल. ती वेल्क्रोच्या पट्ट्यांनी घट्ट बांधा आणि पुढे-मागे सरकवून गुरुत्वमध्य जुळवा. टाकी रिकामी होत जाते तशी बॅटरी हलकी होत नाही, हा एक फायदाच आहे.

जागेचे उत्तर तुमच्या सोयीचे नाही. १६ मीटरच्या तारांना हाताची लांबी आणि प्रेक्षकांचे अंतर धरून किमान ५० मीटर लांब-रुंद मोकळी जमीन लागते, आणि तिच्यावरून किंवा शेजारून विजेची एकही तार जाता कामा नये. धातूच्या तारा हातात धरून उच्चदाबाच्या वाहिनीखाली उभे राहणे म्हणजे मरणाला आमंत्रण आहे. टेकड्यांवर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते आणि गवतात धावपट्टी मिळत नाही. म्हणून एखाद्या शाळेचे किंवा महाविद्यालयाचे मैदान लेखी परवानगी काढून, रविवार सोडून अन्य दिवशी पहाटे मागावे. रविवारी तेथे चार-पाच क्रिकेटचे सामने एकदम चालू असतात. हिवाळ्यातल्या सकाळी वारा मंद असतो. विमान सोडताना वारा तुमच्या पाठीवर असू द्या, म्हणजे तो विमानाला वर्तुळाबाहेर ढकलतो आणि तारा सैल पडत नाहीत. सोडणाऱ्या मदतनिसाला हात वर करून इशारा देण्यापूर्वी हॅन्डल हलवून एलिव्हेटर बरोबर दिशेने जातो ना हे पाहा. तारा अदलाबदल झाल्या असतील तर ते कळण्याची ही शेवटची संधी असते.