भाड्याच्या गाडीचं ॲव्हरेज आणि छापील आकडा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सुट्ट्या लागल्या की सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेऊन महाबळेश्वर, लोणावळा, कोकण गाठणाऱ्यांचे प्रश्न वाढतात. बहुतेकांची तक्रार एकच असते, की गाडी बनवणाऱ्या कंपनीने जाहिरातीत छापलेलं ॲव्हरेज गाडीने दिलं नाही. यावेळी आलेल्यांपैकी काही प्रश्न घेतो. सगळ्यांना थोडं सविस्तर लिहितोय, कारण गाडीला दोष देण्याआधी आपण मोजलं कसं हे तपासायची सवय आपल्याकडे फार कमी आहे, आणि पैसे मात्र खरे जातात.

प्रश्न (वाकड): पेट्रोलची मॅन्युअल स्विफ्ट भाड्याने घेऊन चौघे महाबळेश्वरला गेलो. तिथलं फिरणं धरून २८० किमी झाले आणि १८ लिटर पेट्रोल लागलं, म्हणजे साडेपंधराचं ॲव्हरेज. छापील आकडा २४.८० आहे. गाडी खराब दिली का?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. गाडी, तुम्ही चौघे आणि बॅगा मिळून वजन साडेबाराशे किलोच्या आसपास भरतं. एवढं वजन जवळजवळ ८०० मीटर वर चढवायला जी ऊर्जा लागते, तिचा पेट्रोलमध्ये हिशेब केला तर एक लिटरहून थोडं जास्तच भरतं. कारण पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भागच चाकापर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. हे फक्त चढाचं झालं, रस्ता कापायला लागणारं पेट्रोल वेगळं. उतरताना त्यातलं थोडं परत मिळतं, पण बरंचसं ब्रेक तापण्यात जातं.

त्यात शनिवारी सकाळची खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरची रांग, पसरणी घाटात ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर रांगणं, महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पार्किंग शोधत घातलेल्या फेऱ्या हे सगळं मिळवा. एसी लावून उभी असलेली छोटी पेट्रोल गाडी तासाला एक लिटरच्या आसपास पिते आणि त्या तासात एक किलोमीटरही पुढे जात नाही. चौघे, एसी, घाट आणि वीकेंडची गर्दी एवढं जमल्यावर पंधरा-सोळा मिळणं मला दोषाचं लक्षण वाटत नाही. सपाट हायवेवर ८०च्या स्थिर वेगाने आणि टायरमध्ये योग्य हवा असताना पंधरा मिळालं असतं, तर मात्र मी गाडी तपासायला सांगितली असती.

हे १८ लिटर तुम्ही कसे मोजले, ते मात्र लिहिलेलं नाही. पेट्रोलच्या काट्याचे बार बघून मोजले असतील तर तो आकडा सोडून द्या. का, ते पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न (कोथरूड): आमच्या घरामागच्या टेकडीवरच एआरएआय ही गाड्यांची चाचणी घेणारी संस्था आहे. रोज सकाळी तिथे फिरायला जातो. तिथेच तपासलेलं ॲव्हरेज पुण्याच्या रस्त्यावर का मिळत नाही? ही फसवणूक नाही का?

फसवणूक नाही. पण जाहिरातीत तो आकडा ज्या तऱ्हेने छापला जातो, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे.

चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात. एक फेरी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांपेक्षा थोडी कमी, आणि अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास. त्यातली पहिली ७८० सेकंदं शहरातली मानलेली: १९५ सेकंदांचा एकच तुकडा चार वेळा, आणि वेग जास्तीत जास्त ५०. उरलेली ४०० सेकंदं शहराबाहेरची, तिथे वेग ९०च्या वर जात नाही. एसी बंद असतो, खोलीचं तापमान आटोक्यात ठेवलेलं असतं आणि गाडीत ड्रायव्हर सोडून कोणी नसतं. किती इंधन जळलं, ते टाकीवरून बघत नाहीत. धुरातल्या कार्बनचं प्रमाण मोजून त्यावरून इंधन काढतात, आणि ही पद्धत अतिशय अचूक आहे. फक्त त्या वीस मिनिटांत नळ स्टॉपचा सिग्नल नाही, खड्डा नाही, पाऊस नाही आणि मागच्या सीटवर आजी-आजोबा नाहीत.

दहावीला सगळ्या मुलांना एकच पेपर असतो, म्हणून मार्कांची तुलना करता येते. इथेही तसंच आहे. २४चा आकडा असलेली गाडी १८वालीपेक्षा तुमच्याकडेही बहुधा जास्त देईल. पण २४ देईलच, असं त्या चाचणीने कधी म्हटलेलंच नाही.

आणि हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. युरोपने २०१७पासून जास्त कडक चाचणी आणली. तरी २०२१मध्ये नोंदलेल्या गाड्यांच्या आतच बसवलेल्या इंधनमीटरची माहिती युरोपीय आयोगाने मार्च २०२४मध्ये जाहीर केली, तेव्हा पेट्रोल गाड्या जाहीर आकड्यापेक्षा सरासरी २३.७ टक्के आणि डिझेल गाड्या १८.१ टक्के जास्त इंधन पीत असल्याचं दिसलं. अमेरिकेत २००८च्या मॉडेलपासून एसी, जास्त वेग आणि थंडी हे सगळं धरून हिशेब करतात. शिवाय गाडीच्या काचेवरच्या लेबलवर शहर आणि हायवे असे दोन आकडे वेगळे छापतात. आपल्याकडेही ते दोन आकडे वेगळे मिळाले पाहिजेत, हे मी अगदी कळकळीने सांगतो. रोज हिंजवडीला जाणाऱ्याला आणि दर आठवड्याला कोल्हापूरला जाणाऱ्याला एकच आकडा देऊन काय उपयोग?

प्रश्न (पिंपळे सौदागर): नवी गाडी घ्यायची आहे. दोन मॉडेल मनात आहेत. एकेका वीकेंडला दोन्ही भाड्याने घेऊन ॲव्हरेजची तुलना करावी का?

जरूर करा. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह पंधरा मिनिटांची, तीही सेल्समन शेजारी बसलेला असताना. भाड्याची गाडी तुम्हाला दोन दिवस मिळते. फक्त मोजणी नीट हवी.

गाडी ताब्यात आली की आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघून टायरची हवा भरून घ्या. भाड्याच्या गाडीत हवा कमी असणं हे मी सर्रास पाहतो, आणि कमी हवा थेट पेट्रोल खाते. मग टाकी फुल करा. यात खरी चूक होते ती पंपावर. नोझल टक् करून आपोआप बंद झालं, की पंपावरचा मुलगा विचारतो, 'राउंड फिगर करू का?' तिथे नाही म्हणा. पहिल्या कटऑफला थांबायचं आणि ट्रिप मीटर शून्य करायचं. परतल्यावर त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंतच भरायचं. बिलावर जेवढे लिटर छापून येतील तेवढंच पेट्रोल जळलं.

राउंड फिगरच्या नादात एक लिटर इकडचं तिकडे झालं तर काय होतं ते बघा. १५० किलोमीटरला नऊ लिटर लागले तर ॲव्हरेज १६.७ येतं, दहा लागले तर १५. दोन मॉडेलमधला फरकही अनेकदा एवढाच असतो! म्हणून शंभर-दीडशे किलोमीटरवर निकाल काढू नका. तीनशेच्या पुढे जा, म्हणजे तीच चूक निम्म्याने कमी भासते.

दोन्ही गाड्यांना रस्ता, वार, निघायची वेळ आणि माणसं तीच ठेवा. तुमच्या भागातून औंध-विद्यापीठ मार्गे डेक्कन गाठून परत येणं आणि एक्स्प्रेसवेने लोणावळा, असे दोन टप्पे वेगळे मोजता आले तर फारच उत्तम. दुसऱ्या टप्प्यात वेगावर लक्ष ठेवा. ८०वरून १००वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत नंबर असलेल्या भाड्याच्या काही गाड्यांना ८०चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग त्यापुढे जाऊ न देणारं यंत्र, असतो. एक गाडी गव्हर्नरवाली आणि दुसरी मोकळी असेल, तर मोकळीसुद्धा ८०च्या आतच चालवा, नाहीतर तुलना फुकट जाईल.

निकाल वाचताना किलोमीटर-प्रति-लिटरपेक्षा शंभर किलोमीटरला किती लिटर लागले ते बघा. १२वरून १५वर गेलात तर ३०० किलोमीटरला पाच लिटर वाचतात. २०वरून २५वर गेलात तर तीनच. उडी दुसरी मोठी वाटते, पण खिशात जास्त पैसे पहिलीने राहतात.

प्रश्न (हडपसर): गाडी परत करताना 'एक बार कमी आहे' म्हणून पेट्रोलचे पैसे कापले. मी तर गाडी घेताना होतं तेवढंच भरलं होतं.

समजा टाकी ३७ लिटरची आणि बार आठ. म्हणजे एका बारमध्ये साडेचार लिटरपेक्षा जास्त पेट्रोल. बार आत्ताच लागला की आता जाणार आहे, हे बघून कळत नाही. उतारावर गाडी उभी असेल तरी तो बदलतो. म्हणून घेताना आणि देताना, दोन्ही वेळा सपाट जागी, गाडी सुरू ठेवून, काटा आणि किलोमीटर एकाच फोटोत घ्या. तो फोटो तिथल्या माणसाला लगेच व्हॉट्सॲपवर पाठवा. गाडी फुल टाकीने देऊन फुल टाकीनेच परत घेणारा मिळाला, तर भाडं थोडं जास्त असलं तरी तोच निवडा. जवळच्या पंपाचं बिल हाती असलं की वादच उरत नाही, आणि ॲव्हरेजही आपोआप मोजलं जातं.

प्रश्न (निगडी): भाड्याच्या एर्टिगा सीएनजीला छापील २६.११ ऐवजी २० मिळालं. पेट्रोलच्या एर्टिगाचाच आकडा २०.५१ आहे. मग सीएनजी घेऊन काय मिळवलं?

२६.११ हे किलोला आहे आणि २०.५१ लिटरला. एका किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलच्या जवळपास ऊर्जा असते, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. रुपये प्रति किलोमीटर काढा, तोच एक हिशेब कामाचा. शिवाय सिलिंडर एकदा भरून मोजणंही भरवशाचं नाही. पंपावर प्रेशर कमी असलं किंवा भराभर भरताना गॅस तापला, की आत कमी गॅस मावतो. तीन-चार वेळा भरलेले किलो मिळवून भागा, मग बोलू.

प्रश्न (सातारा रस्ता): ई२० पेट्रोलमुळे ॲव्हरेज पडलं असं सगळे म्हणतात. खरं किती?

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ई१० म्हणजे १० टक्के. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमधली ऊर्जा सुमारे सात टक्के घटते, १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के आणि ई१०साठी बांधून ई२०ला जुळवून घेतलेल्यांसाठी एक ते दोन टक्के घट दिली आहे. म्हणजे अठराचं सतरा झालं तर ई२०चं नाव घ्या. अठराचं तेरा झालं असेल तर टायर, एअर फिल्टर आणि चाकाला चिकटून बसलेला ब्रेक तपासा.

प्रश्न (बिबवेवाडी): कात्रज घाट उतरताना न्यूट्रलमध्ये टाकलं तर पेट्रोल वाचतं ना?

नाही, उलट जास्त लागतं. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ पूर्ण बंद होतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये ते सुरू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. आणि गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. भाड्याच्या, हाताला अनोळखी गाडीत तर हे मुळीच करू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.