नोकिया ७७० नव्याने हाताळणाऱ्यांसाठी

इंटरनेट वापरण्यासाठीचे हे हातात मावणारे टॅब्लेट उपकरण घेतलेच आहे, तर पहिले काही दिवस त्याच्याकडून संगणकाची अपेक्षा ठेवू नका. ८०० बाय ४८० पिक्सेलचा पडदा इतका रेखीव आहे की बहुतेक संकेतस्थळे आडवी न सरकवता वाचता येतात आणि त्या मोहात आपण एकामागून एक खिडक्या उघडत जातो; पण रॅम अवघी ६४ एमबी असल्यामुळे चित्रांनी भरलेली दोन-तीन पाने उघडली की ब्राउझर अडखळू लागतो. २००६ साली आलेल्या प्रणालीत (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) मेमरी कार्डाचा काही भाग जादा स्मृती म्हणून वापरता येतो. ती सोय सर्वांत आधी सुरू करा. मात्र प्रणाली बदलताना उपकरणातले सगळे पुसले जाते. मी उत्साहाच्या भरात बॅकअप न घेताच ती बदलली आणि जमवलेले सारे बुकमार्क घालवून बसलो. दोष अर्थातच माझा. यात सिम कार्ड बसत नाही, म्हणून वायफाय नसेल तेथे ब्लूटूथने मोबाइल जोडावा लागतो. ती जोडणी प्रवासाला निघण्यापूर्वी घरीच जुळवून पाहा. लांबलचक ईमेल लिहायचे असतील, तर पडद्यावरच्या इवल्या कळा लेखणीने टोचत बसण्यापेक्षा ब्लूटूथ कीबोर्ड जोडण्याची खटपट मला अधिक सुसह्य वाटली.