सुतळी बॉम्बची दारू काढली, की कायद्याने ते ‘उत्पादन’च

प्रश्न (थोडक्यात): मुलगा १९ वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब उकलून त्यातली दारू पीव्हीसी पाइपात भरली आणि मित्रांसोबत गच्चीवर रॉकेट उडवायला गेला. पाइप फुटला, एका मित्राच्या दोन बोटांची पेरे गेली. पोलिसांनी पंचनामा केला आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, चौकशीला हजर राहण्याची नोटीस दिली. त्याला तीन आठवडे झाले, आम्ही अजून गेलेलो नाही. फटाके परवानाधारक दुकानातून बिल घेऊन आणलेले, घरी काहीच बनवलेले नाही. मग गुन्हा कसला? थोडी दारू माळ्यावर बरणीत आहे, ती टाकून देऊ का?

उत्तर: आधी बरणीचे बोलू. तिला हात लावू नका. आट्यांचे झाकण असेल तर पूड आट्यांत बसलेली असते आणि झाकण फिरवताना घर्षण नेमके तिथेच होते. बरणी प्लॅस्टिकची असेल तर स्थिर विजेची भीती वेगळीच. गटारात ओतलीत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली पुरावा नाहीसा केल्याचा आरोप तुमच्यावर येऊ शकतो. चिमूटचिमूट जाळून संपवायला गेलात तर घरात दुसरा जखमी तयार होईल. आजच वकिलामार्फत पोलीस ठाण्याला लेखी कळवा, बॉम्बशोधक व नाशक पथक ती उचलेल. जप्तीच्या यादीत एक वस्तू वाढेल, हे खरे. पण बरणी कुठे आहे हे आता तुम्हालाही माहीत आहे, म्हणजे ताब्याचा प्रश्न एकट्या मुलाचा राहिलेला नाही.

आता ‘बनवले काहीच नाही’ याबद्दल. दर दिवाळीनंतर हे वाक्य असलेली पत्रे येतात आणि प्रत्येकाला वाटते, बिल दाखवले की सुटलो. स्फोटके अधिनियम, १८८४ च्या कलम ४ मधली ‘उत्पादन’ या शब्दाची व्याख्या एकदा वाचा. स्फोटकाचे घटक वेगळे करणे, ते मोडणे किंवा सोडवणे, नव्याने बनवणे, त्यात फेरबदल करणे, हे सगळे तिच्यात येते. सुतळी उकलून दारू काढली तिथे एकदा आणि पाइपात भरली तिथे पुन्हा, अशी दोनदा ती व्याख्या लागते. दुकानाचा परवाना विक्रीचा होता, तुमच्या गच्चीचा नव्हे.

हा शब्दांचा कीस नाही, जामीन यावर ठरतो. विनापरवाना ताबा किंवा वापर असेल तर कलम ९ब(१)(ब), शिक्षा दोन वर्षांपर्यंत, गुन्हा जामीनपात्र. विनापरवाना उत्पादन असेल तर ९ब(१)(अ), शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ‘तीन वर्षांपर्यंत’ हे शब्द जामीनपात्र की अजामीनपात्र, यावर बरीच वर्षे वाद होता. कॉपीराइट कायद्यातल्या अशाच शिक्षेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र ठरवला. सरकारी वकील तोच निकाल पुढे करतील. म्हणून पहिले काम, एफआयआरची प्रत काढा आणि ९ब पुढे कंसात ‘अ’ लिहिले आहे की ‘ब’, ते पाहा. सोबत न्याय संहितेची २८८ (स्फोटक पदार्थाबाबत हयगय) आणि १२५(ब) ही कलमे असण्याची शक्यता आहे, कारण बोटाचे पेर जाणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे.

आणि ती नोटीस तीन आठवडे ठेवलीत कशाला? अटकेची गरज नाही असे पोलिसांना वाटते, तेव्हा ती देतात. हजर राहिलात तर ती तुमची ढाल असते, न राहिल्यास कलम ३५(६) प्रमाणे अटकेची वाट मोकळी होते. कोर्टात तारखांवर तारखा पडतात म्हणून पोलिसांचे कागदही तसेच सावकाश चालतील, असे धरू नका. आता उशिराच्या कारणासह लेखी उत्तर द्या, पोच घ्या, मुलाला वकिलासोबत हजर करा. उत्पादनाचे उपकलम लागले असेल तर त्याआधी सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका.

खरी भीती १९०८ च्या स्फोटक पदार्थ अधिनियमातल्या कलम ५ ची, म्हणजे संशयास्पद परिस्थितीत स्फोटक पदार्थ बनवणे किंवा बाळगणे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि परिस्थिती संशयास्पद दिसली की हेतू कायदेशीर होता हे आरोपीनेच दाखवायचे. विनापरवाना छंद ‘कायदेशीर हेतू’ ठरतो का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, मी पैज लावणार नाही. मात्र कलम ७ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय तो खटला चालत नाही. कलम ५ लागलेच, तर संमतीआधी त्यांना निवेदन द्यायला जागा आहे. त्यासाठी बिल, कॉलेजचे ओळखपत्र, मोबाइलमधले रॉकेटचे व्हिडिओ आणि चॅट जसेच्या तसे ठेवा. काहीही डिलीट करू नका.

मित्राच्या घरच्यांशी ‘मिटवून घेऊ’ म्हणता. उपचारांचा खर्च द्या, द्यायलाच हवा. पण स्फोटके अधिनियमातला गुन्हा आपसात मिटत नाही. फार तर उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याची विनंती करता येते, आणि दुखापत झालेली असताना ती मान्य होईलच असे नाही. त्याच्या डॉक्टरांना पाइप पीव्हीसीचा होता हे सांगितले आहे ना? प्लॅस्टिकच्या ठिकऱ्या एक्स-रेत नीट दिसत नाहीत.

पाइप उडाला नाही, फुटला, याचे मुलाला नवल वाटते असे तुम्ही लिहिले आहे. सुतळी बॉम्बची दारू आवाजासाठी असते. ती थराथराने जळत नाही, एकदम पेटते, आणि बंद नळीत तो वायू बाहेर पडण्याआधीच नळी फाटते. तपास अधिकाऱ्याला हे शास्त्र त्याने उत्साहाने समजावू नये. बचावात ते ज्ञान ठरते आणि दोषारोपपत्रात हयगय.

परवाना काढून छंद चालू ठेवता येईल का, हाही तुमचा प्रश्न आहे. एका वेळी १५ किलोपर्यंत फटाके बनवण्याचा परवाना जिल्हा दंडाधिकारी देतात, पण त्याला सुरक्षित अंतर राखलेली स्वतंत्र जागा लागते. सोसायटीच्या गच्चीवर तो मिळणार नाही. बाटलीत पाणी आणि सायकलच्या पंपाची हवा भरून उडवायचे रॉकेट आहे, त्यात स्फोटक नाही आणि परवानाही लागत नाही.