‘मॅडम, तो खोटी शेती करतो’

“आमची चार एकर खरी शेती आहे मॅडम. त्या बांधावर हा कधी उभा राहिला नाही. आणि इथं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर खोटी शेती करतो. 27 वर्षांचा झालाय, पोरींचे बायोडेटा येऊन पडलेत. हे व्यसन म्हणायचं का हो?”

ताई सांगलीकडच्या. मुलाची नोकरी पुण्यात, आयटीत. त्या चार महिन्यांसाठी त्याच्याकडे राहायला आल्या आणि घाबरल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न मला बरेच पालक विचारतात. मारामारीच्या गेमचं वेड त्यांना निदान कळतं, पण कंदमुळांना पाणी घालत मुलगा तीन तास कसा बसतो, हे कळत नाही.

व्यसनाचं उत्तर आधी देऊन टाकते. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार मानला आहे. त्यात खेळण्यावरचा ताबा सुटतो, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो आणि नुकसान दिसत असूनही तो थांबत नाही. हे साधारण वर्षभर टिकावं लागतं आणि नोकरी, शिक्षण, नाती यांची स्पष्ट हानी दिसावी लागते. हा मुलगा वेळेवर कामाला बसत होता, घरी पैसे पाठवत होता, जेवत होता. व्यसन नव्हतं. पण काहीतरी चुकतंय हे आईला जाणवलं होतं, आणि ते मात्र बरोबर होतं.

दुसऱ्या भेटीत मी त्याला लॅपटॉप आणायला सांगितला. “मला दाखव, तू काय करतोस ते.” असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

गेम होता ‘स्टारड्यू व्हॅली’. मोठ्या कंपनीत खुर्चीला चिकटून बसलेला एक नोकरदार, मरताना आजोबांनी दिलेलं बंद पाकीट उघडतो आणि आजोबांच्या ओसाड शेतावर राहायला जातो. गावचा प्रमुख पहिल्या दिवशी बियाणं देतो. तण काढायचं, पेरायचं, रोज पाणी घालायचं, आणि गावात फिरून लोकांशी बोलायचं. प्रत्येकाची आवड वेगळी, प्रत्येकाचा वाढदिवस ठरलेला. भेटवस्तू देत गेलं की ओळख वाढते, पुढे लग्नही होतं. एरिक बॅरोन नावाच्या तरुणाने चित्रं, संगीत, संवाद सगळं एकट्याने करत सुमारे साडेचार वर्षांत हा गेम बनवला. तो 2016 मध्ये आला आणि पुढे त्याच्या कोट्यवधी प्रती विकल्या गेल्या.

“हे माझं सहावं शेत,” तो म्हणाला.

“जुनं भरभराटीला आलं की मजा जाते का?”

“तसं नाही. मला पहिलं वर्ष आवडतं. कुणी ओळखत नसतं. मग हळूहळू नावाने हाक मारायला लागतात.”

मी थोडं थांबून विचारलं, “तुझ्या बिल्डिंगमध्ये तुला कोण नावाने हाक मारतं?”

“वॉचमन काका.” बराच वेळ गेला. “आणि डिलिव्हरीवाले. पण ते ॲपमध्ये बघून.”

तीन वर्षं तो त्या फ्लॅटमधूनच काम करत होता.

इथे मला अशा घर-गाव वसवण्याच्या खेळांचा जन्म आठवतो. जपानमधले कात्सुया एगुची निन्टेंडो या गेम कंपनीत नोकरीसाठी चिबा सोडून क्योतोला गेले. घरची माणसं आणि मित्र मागे राहिले, आणि त्या एकटेपणातून पुढे गावात राहून शेजाऱ्यांशी मैत्री करण्याचा गेम ‘ॲनिमल क्रॉसिंग’ सुचला. 1991 मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडच्या वणव्यात गेम बनवणाऱ्या विल राइट यांचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना जे मनात आलं, त्यातून 2000 साली माणसांचं घर-संसार चालवण्याचा गेम ‘द सिम्स’ आला. हे खेळ घर सुटलेल्या, घर गमावलेल्या माणसांच्या मनातून आले आहेत. सांगलीहून पुण्यात आलेल्या मुलाला ते जवळचे वाटले, यात मला काहीच वावगं दिसत नाही.

ताईंना आणखी एक गोष्ट खटकत होती. बॅरोनने ऑक्टोबर 2021 मध्ये नवा गेम जाहीर केला, ‘हॉन्टेड चॉकलेटियर’. मुलगा रोज झोपताना तो बाजारात येण्याची तारीख जाहीर झाली का ते बघायचा. “तारीखच नाही, त्याची कसली वाट बघायची?” ताई म्हणत. “आई, पुढचा भाग नाही तो, वेगळा गेम आहे,” एवढंच तो म्हणे.

वाट बघण्यात मला आजार दिसत नाही. पुढे काहीतरी चांगलं येणार आहे, ही जाणीव माणसाला उठवते. मी त्याला फोनमधलं कॅलेंडर उघडायला लावलं. पुढच्या तीन महिन्यांत ऑफिसच्या मीटिंगांखेरीज एकही नोंद नव्हती. मला काळजी वाटली ती तिथे. वाट बघायला त्याच्याकडे तो एकच गेम होता. मग आम्ही दोन नोंदी टाकल्या, दर रविवारी कॉलेजच्या मित्राला फोन आणि पुढच्या महिन्यात गावची जत्रा. फोन तीनदा झाला, दोनदा राहिला. अजून प्रयत्न चालू आहे.

आईसाठी एक व्यवहाराची गोष्ट होती. या गेममधला दिवस साधारण 14 मिनिटांचा असतो आणि लॅपटॉपवर खेळ सेव्ह होतो तो पात्र झोपल्यावर. मध्येच “बंद कर आधी” म्हटलं की त्या दिवसाचं काम वाया जातं, मग भांडण होतं. त्यापेक्षा “तुझा दिवस संपला की उठ” म्हणायचं. रोज चार दिवस खेळायचे, असं त्याने स्वतःच ठरवलं. आता तो बहुतेक वेळा बाराच्या आत झोपतो.

गावी परतण्याआधी ताईंचा फोन आला. रात्री त्याच्या शेजारी बसल्या होत्या. त्याने सांगितलं होतं की प्रत्येक ऋतू 28 दिवसांचा असतो आणि ऋतू पालटला की आधीचं पीक मरतं. पडद्यावर शरदाचा 25 वा दिवस, आणि हा भोपळा लावत होता.

“मी म्हटलं, अरे, हंगाम संपायला आला आणि आत्ता भोपळा? थंडीत जाणार सगळा. तर मला म्हणतो, मग आई, तूच सांग, काय लावू?”

त्यानंतर दोघं तासभर बसली होती. सहा शेतं केलेल्या मुलाला एवढं ठाऊक नसेल, हे मला पटत नाही. ताईंना मी तसं बोलले नाही.