कर्ज किती, हे मागाहून

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर एवढं कर्ज’ हे वाक्य तुला झोपू देत नाही, आणि तुझे प्राध्यापक म्हणतात, सरकारी कर्जाचा बाऊ करू नका. खरं कोण, हे निबंधासाठी विचारतोस. मला दोघांचाही राग येतो.

अरे, बाळाच्या डोक्यावर कर्ज असेल तर त्याच कर्जाचे रोखे, म्हणजे सरकारने कर्ज घेताना लिहून दिलेले कागद, दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात आहेत, आणि तेही वारशानेच पुढे जाणार. एक बाळ कर भरणार, दुसरं व्याज खाणार. म्हणून कर्ज किती हे मागाहून विचार. देतो कोण आणि घेतो कोण, ते आधी.

जपानचं सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे, पण ते येनमध्ये आणि बहुतांशी घरच्याच बँका, विमा कंपन्या, मध्यवर्ती बँकेकडे. श्रीलंकेचं प्रमाण त्याहून कितीतरी कमी होतं. पण मोठा वाटा परकीय चलनात. 2022 मध्ये डॉलर आटले, परदेशी कर्जफेड थांबली, लोक इंधनाच्या रांगेत उभे राहिले आणि इस्पितळांत औषधं मिळेनात. नुसती टक्केवारी पाहून हे कळलं असतं?

ब्रिटनने 1833 च्या कायद्याने गुलामगिरी बंद केली आणि 2 कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना छदाम नाही. त्यासाठी काढलेलं कर्ज 2015 मध्ये कुठे फिटलं. तोवर त्या गुलामांच्या ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वंशजांनीही कर भरलाच की! देतो कोण, घेतो कोण?

नोकरीत असताना बैठकांत मी हेच विचारायचो. ‘झालं यांचं सुरू’ म्हणत साहेब फाईल मिटायचे. बढती हुकली; वाईट वाटलं, आजही वाटतं. पण तुटीचे आकडे तोंडपाठ असलेल्या त्या मंडळींना व्याज फुगलं की आधी कात्री कशाला लागते, हे सुचायचं नाही. पगार, निवृत्तिवेतन लगेच कापता येत नाही. मग पुलाची डागडुजी पुढे ढकलायची, शिक्षकांची भरती थांबवायची. रोखेधारकाचा हप्ता मात्र तारखेला पोचतो. कर्ज काढून तोच पूल बांधला असता तर मी एक शब्द बोललो नसतो, हेही लिहून ठेव. मला कर्जद्वेष्टा म्हणणारे पुष्कळ भेटलेत.

निबंध आवरून ठेव. अर्थसंकल्पातलं व्याजाचं पान काढ, त्याच्या शेजारी रोखेधारकांची वर्गवारी ठेव, आणि मग लिही मला.