जुन्या धाटणीच्या नव्या बेसबॉल कार्डांना पुढे किंमत येते का?

तुम्ही लिहिले आहे की २०११ साली तुमच्या मामांनी अमेरिकेतल्या एका सामन्यात फुकट मिळालेली, बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेली पंधरा कार्डे तुम्हाला आणून दिली, ती टॉप्स या कार्डे छापणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या १९५२ च्या कार्डांच्या धर्तीवर छापलेली आहेत, आणि ती आता विकावीत की आणखी वीस वर्षे जपून ठेवावीत असा तुमच्यापुढे प्रश्न आहे. माझे मत स्पष्ट आहे: पैशाच्या आशेने ती जपू नका. आमच्या घरात याच प्रश्नाचे घोंगडे अठरा वर्षे भिजत पडले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. २००७ च्या उन्हाळ्यात माझा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि लिटिल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत खेळत होता. जवळच्या मायनर लीग, म्हणजे दुय्यम दर्जाच्या व्यावसायिक संघाच्या मैदानावर एका रविवारी लवकर येणाऱ्या प्रेक्षकांना चोवीस कार्डांचे पाकीट वाटण्यात आले. शंभर वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटांतून निघत तशीच ती कार्डे केली होती: आगपेटीहून थोडी लांब, जाड पिवळट कागद, रंगवल्यासारखे चेहरे, खाली तपकिरी अक्षरांत नाव आणि पाठीवर एका स्थानिक बँकेची जाहिरात. मुलगा आणि त्याचे मित्र ती भिंतीवर फेकून खेळत, एकमेकांची जिंकत आणि पुन्हा हरत. एक कार्ड तर त्याने कपड्यांच्या चिमट्याने सायकलच्या चाकाला असे लावले होते की आरे त्यावर आपटून फटफटीसारखा आवाज येई.

त्याच वर्षी फेब्रुवारीत होनस वॅग्नर या खेळाडूचे सिगारेटच्या पाकिटातले एक जुने कार्ड साडेतेवीस लाख डॉलरना विकले गेले होते आणि ती बातमी माझ्या थोरल्या बंधूंनी वाचलेली होती. गणपतीला ते आमच्याकडे आले, तेव्हा ती कार्डे जमिनीवर पसरलेली पाहून त्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर मुलाला झापले, "लाखाची वस्तू मातीत घालवतोस" असे म्हणाले, आणि तेवीस कार्डे गोळा करून, प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून आपल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. चाकाला लावलेले चोविसावे त्यांनी वाया गेले म्हणून बाजूला टाकले. मी म्हटले, "दादा, ती त्याची खेळणी आहेत." त्यावर मला वस्तूची किंमत कळत नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले आणि पुढेही अनेकदा सांगितले. मुलाने त्यानंतर कसलाच संग्रह केला नाही.

यंदा दादांनी लॉकर बंद केला आणि ती कार्डे घेऊन आम्ही दोघे कार्डांच्या एका प्रदर्शनात गेलो. तिथल्या विक्रेत्याने एक कार्ड उलटून पाठीवरचे छपाईचे वर्ष वाचले आणि सगळ्यांचे मिळून पाच डॉलर देऊ केले. दादा परतताना गाडीत एक शब्दही बोलले नाहीत.

कारण समजून घेण्यासारखे आहे. वॅग्नरच्या कार्डाला किंमत आली, कारण कंपनीने त्याची छपाई लवकर थांबवली आणि आज त्याच्या साठ-एक प्रतीच माहीत आहेत. १९५२ च्या टॉप्स संचातील ३११ क्रमांकाचे मिकी मँटल या खेळाडूचे कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेले. हे कार्ड धरून त्या संचातली शेवटच्या क्रमांकांची कार्डे तेव्हा खपली नव्हती, आणि उरलेली खोकी १९६० साली आपण समुद्रात बुडवून टाकली, असे टॉप्सचे साय बर्गर सांगत. जी विकली गेली त्यांतलीही पुष्कळशी मुलांनी खेळून झिजवली, आयांनी रद्दीत काढली. ती जपावीत असे कोणाला वाटले नाही, म्हणूनच उरलेली थोडी मोलाची ठरली. जुन्या धाटणीची नवी कार्डे मात्र जपण्यासाठीच छापतात आणि घेणारा ती पहिल्या दिवसापासून प्लॅस्टिकमध्ये घालतो, त्यामुळे वीस वर्षांनीही बहुतेक सगळी कोरीच उरतात. टॉप्सने २००१ पासून हेरिटेज या नावाने १९५२ ची आणि नंतर पुढच्या वर्षांची रचना पुन्हा छापायला सुरुवात केली. त्यामुळे तुमच्या कार्डांची नुसती धाटणीही दुर्मिळ नाही. शिवाय दादांनी ज्या कार्डाच्या बातमीवर भिस्त ठेवली होती, त्याच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या, अशी कबुली ते पूर्वी विकणारे बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये दिली.

तरीही देऊन टाकण्यापूर्वी काही गोष्टी पाहा. कार्डावर अनुक्रमांक छापलेला असेल, म्हणजे एकूण इतक्यांपैकी हे इतकावे असे, किंवा खेळाडूची खरी सही असेल, तर ते वेगळे काढा. पुढे मोठा झालेला एखादा खेळाडू अगदी सुरुवातीच्या काळात त्यात असेल तरीही थांबा, कारण फुकट वाटलेल्या कार्डांनाही कधी मोल येते: शार्लट शहरातल्या मायनर लीग संघाच्या १९८० च्या संचातील कॅल रिपकेन ज्युनियरचे कार्ड आज हजारो डॉलरना जाते. मात्र तिथे मोल त्या खेळाडूला आणि मोजक्याच उरलेल्या प्रतींना आहे. धाटणीचा त्यात काही वाटा नाही. ईबेवर पाहाल तेव्हा मागितलेल्या किमती सोडून द्या आणि प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांच्याच पाहा. साध्या कार्डांना श्रेणी लावून घेण्याच्या, म्हणजे पैसे देऊन कंपनीकडून त्यांची स्थिती तपासून गुण घेण्याच्या भानगडीत पडू नका, कारण तिचे शुल्क कार्डाच्या किमतीहून जास्त होते.

यांपैकी काहीच निघाले नाही तर घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला ती पंधराही कार्डे प्लॅस्टिकमधून काढून द्या, आणि त्याने ती भिंतीवर फेकली तर त्याला अडवू नका. आमची तेवीस माझ्या टेबलावर अजून कोरी पडली आहेत. चोविसावे मी तेव्हा उचलून ठेवले होते. त्याच्या एका कडेवर चिमट्याचा खोल वळ आहे आणि खेळाडूच्या टोपीचा रंग आऱ्यांनी खरवडला गेला आहे. मुलाला सगळी दाखवली तेव्हा त्याने तेवढे एकच मागून घेतले. दादा, तुम्ही हे वाचालच, म्हणून इथेच लिहितो: त्या दिवशी ती कार्डे तुम्ही त्याच्याकडून घ्यायला नको होती.